परक्या विजेवरील घड्याळ-रेडिओ : विद्युत वारंवारतेच्या इतिहासाचा एक अलक्षित पुरावा

प्रस्तावना

विसाव्या शतकातील विद्युतीकरणाचा इतिहास प्रामुख्याने धरणे, औष्णिक केंद्रे, उच्च दाबाच्या वाहिन्या आणि त्यांविषयीचे कायदे यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. घरात पोहोचलेल्या विजेने कोणती उपकरणे चालली, ती कोठे चालली नाहीत आणि का चालली नाहीत, याकडे इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले. असे दुर्लक्षित राहिलेले एक उपकरण म्हणजे घड्याळ-रेडिओ. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हे उपकरण झपाट्याने लोकप्रिय झाले. उशाशी ठेवण्याजोग्या बेकेलाइट अथवा प्लॅस्टिकच्या पेटीत एका बाजूस रेडिओची तबकडी आणि दुसऱ्या बाजूस विजेवर चालणारे काट्यांचे घड्याळ असे. ठरावीक वेळी रेडिओ सुरू होऊन घरमालकाला जागे करी. काही संचांना मागील बाजूस एक जादा प्लगची जागाही असे, म्हणजे रेडिओबरोबर कॉफीचे भांडेही तापू लागे.

असा एखादा जुना संच आज युरोपात, जपानच्या पूर्व भागात किंवा भारतात आणून, योग्य रोहित्रामार्फत त्याला ११० ते १२० व्होल्ट दाब पुरवून सुरू केला, तर एक चमत्कारिक अनुभव येतो. रेडिओ उत्तम बोलतो, घड्याळाचे काटेही फिरतात. परंतु तासाभराने घड्याळ पन्नासच मिनिटे दाखवते. रात्री दहा वाजता बरोबर लावलेले घड्याळ सकाळी सहाचा गजर सात वाजून छत्तीस मिनिटांनी देते. दिवसाअखेर ते चार तास मागे पडलेले असते. घड्याळजीकडे नेले तर त्यात कोणताही दोष आढळत नाही, कारण दोष घड्याळात नसतोच. वस्तुतः हे घड्याळ स्वतः वेळ मोजतच नाही. वेळ मोजण्याचे काम दूरच्या वीजगृहात चालते आणि घरातील काटे त्याची केवळ नोंद दाखवितात. म्हणून परक्या विजेवर त्याचे मागे पडणे हे बिघाडाचे लक्षण न मानता ऐतिहासिक पुरावा मानावे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. १८९० च्या दशकात निरनिराळ्या देशांतील अभियंत्यांनी व कंपन्यांनी घेतलेले निर्णय या मागे पडण्यातून मिनिटांच्या हिशेबाने वाचता येतात.

वीजगृहातील लंबक

या प्रकारच्या घड्याळाचे श्रेय अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील अ‍ॅशलँड येथील हेन्री एलिस वॉरेन या अभियंत्यास दिले जाते. वॉरेनने १९१२ मध्ये घड्याळाची कंपनी काढली, ती बॅटरीवर चालणाऱ्या लंबकाच्या घड्याळांसाठी. पुढे त्याने प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी, स्वतःहून सुरू होणारी एक छोटी समकालिक मोटर तयार केली. समकालिक मोटरचे वैशिष्ट्य असे की तिचा वेग विजेच्या दाबावर अवलंबून नसतो, तर प्रवाहाच्या वारंवारतेशी, म्हणजे एका सेकंदात प्रवाह किती वेळा पूर्ण आवर्तन करतो याच्याशी, बांधलेला असतो. सेकंदाला ६० आवर्तने असतील तर वॉरेनच्या मोटरचा फिरता भाग मिनिटाला ३६०० फेरे घेई. तेलात बुडालेल्या दंतचक्रांच्या मालिकेतून हा वेग कमी होत मिनिटाला एका फेऱ्यापर्यंत येई. पुढे काटे जोडले की घड्याळ तयार!

परंतु घड्याळे प्रत्यक्ष जोडल्यावर ती बरोबर चालेनात. वॉरेनने शोध घेतला तेव्हा असे दिसले की घड्याळे निर्दोष असून वीजगृहाची वारंवारताच ६० वर स्थिर नाही. दिवे आणि यंत्रे एवढ्याच कामासाठी वीज पुरविणाऱ्या कंपनीला अर्धा-एक टक्का कमीअधिक झाल्याने फरक पडत नव्हता. घड्याळाला मात्र एक टक्का म्हणजे दिवसाला चौदा मिनिटांहून अधिक. वॉरेनने यावर शोधलेला उपाय तंत्रज्ञानाच्या इतिहासात विलक्षण म्हणावा लागेल. घड्याळ सुधारण्याऐवजी त्याने वीजगृह सुधारले. त्याने एक मुख्य घड्याळ बनविले, ज्यात एक काटा अचूक लंबकावर चाले आणि दुसरा वीजगृहाच्याच विजेवर चालणाऱ्या समकालिक मोटरवर. दोन्ही काटे एकत्र फिरत राहतील अशा रीतीने जनित्रांचा वेग कमीअधिक करणे, एवढेच काम चालकाला उरले. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या एल स्ट्रीट वीजगृहात हे घड्याळ बसविण्यात आले. त्या दिवसापासून तेथील वीजपुरवठा हा ऊर्जेबरोबरच वेळेचाही पुरवठा झाला.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९१७ मध्ये वॉरेनच्या उद्योगात भागभांडवल घेतले. त्याच्या घड्याळांना मिळालेले ‘टेलेक्रॉन’ हे नाव ग्रीक शब्दांवरून बनविलेले असून त्याचा अर्थ ‘दुरून येणारा काळ’ असा होतो. व्यापारी नावे बहुधा अतिशयोक्त असतात; हे मात्र अक्षरशः खरे होते. टेलेक्रॉनच्या अनेक घड्याळांत तबकडीवर एक छोटी खिडकी असे. वीज जाऊन परत आली की मोटर स्वतःहून सुरू होई, पण खिडकीत लाल ठिपका उमटे, म्हणजे दाखविलेली वेळ विश्वसनीय नाही अशी सूचना. वीज थांबल्याचे हा ठिपका सांगू शके. वीज परकी असल्याचे सांगण्याची सोय त्यात नव्हती, कारण घड्याळ आपला देश सोडून जाईल ही कल्पनाच त्या रचनेत गृहीत धरलेली नव्हती.

साठ आणि पन्नास

वारंवारतेचे दोन प्रमुख आकडे कसे स्थिरावले हे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. प्रारंभीच्या काळात एकमत मुळीच नव्हते. वेस्टिंगहाउस कंपनीची सुरुवातीची जनित्रे सेकंदाला १३३ हून अधिक आवर्तनांची होती. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफेन ते फ्रँकफुर्ट असे जे प्रसिद्ध वीजवहन झाले ते ४० आवर्तनांचे होते. १८९५ मध्ये सुरू झालेल्या नायगारा येथील वीजगृहाने २५ हा आकडा स्वीकारला. वारंवारता फार कमी असल्यास दिव्यांची उघडझाप डोळ्यांना जाणवते आणि फार जास्त असल्यास मोटरी व लांब पल्ल्याचे वहन अवघड होते. या ओढाताणीतून अमेरिकेत वेस्टिंगहाउसने ६० आणि जर्मनीत आ.ए.गे. कंपनीने ५० हा आकडा निवडला. यांपैकी एक योग्य व दुसरा अयोग्य असे म्हणता येत नाही. प्रत्येक आकड्यामागे एका मोठ्या उत्पादकाची बाजारपेठ होती, हेच खरे कारण.

एकाच देशातही ऐक्य सहजासहजी झाले नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाचा मोठा भाग १९४८ च्या सुमारापर्यंत ५० हर्ट्झवर होता. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १९४९ ते १९५९ या दहा वर्षांत २५ हर्ट्झवरून ६० हर्ट्झवर स्थलांतर केले. अशा प्रत्येक स्थलांतरात कारखान्यांच्या मोटरींबरोबर घरोघरच्या विजेच्या घड्याळांचाही प्रश्न उभा राहणे अटळ होते.

याच संदर्भात हॅमंड ऑर्गनचा उल्लेख करावासा वाटतो. लॉरेन्स हॅमंड हा मुळात विजेच्या घड्याळांचा निर्माता. १९३५ मध्ये बाजारात आलेल्या त्याच्या ऑर्गनमध्ये स्वर निर्माण करणारी चक्रे समकालिक मोटरवरच फिरत. साहजिकच ६० हर्ट्झसाठी बनविलेला ऑर्गन ५० हर्ट्झवर वाजविला तर सर्व स्वर पाच-षष्ठांशावर उतरतात. सहास पाच हे प्रमाण आपल्याकडील कोमल गंधार आणि षड्ज यांच्यामधील अंतराचे आहे. म्हणजे परक्या विजेवर घड्याळ तासाला दहा मिनिटे हरवते, तर ऑर्गन आपला षड्ज हरवतो.

एका पेटीत दोन उपकरणे

घड्याळ-रेडिओची गंमत अशी की त्यातील रेडिओला वारंवारतेचे काहीच सोयरसुतक नसते. १९५० च्या दशकातील सर्वसामान्य अमेरिकी संचात पाच व्हॉल्व्ह असत. त्यांचे तापतंतू एकापुढे एक असे मालिकेत जोडलेले असून त्यांची बेरीज सुमारे १२० व्होल्ट होई. त्यामुळे रोहित्राची गरजच उरत नसे आणि केवळ रेडिओ एकदिश प्रवाहावरही चाले. त्या काळी काही शहरांच्या जुन्या भागांत एकदिश पुरवठा शिल्लक होता, त्यांच्यासाठी ही सोय उपयोगाची होती. परंतु त्याच पेटीत घड्याळ बसविले की हे स्वातंत्र्य संपते. एकदिश प्रवाहावर समकालिक घड्याळ फिरतच नाही. निद्रेसाठी दिलेली कळ, जी साठ मिनिटांनी रेडिओ बंद करी, तीही ५० हर्ट्झवर बहात्तर मिनिटे घेते.

या रचनेत एक गंभीर धोकाही आहे, जो भारतात असे संच चालविताना अधिक महत्त्वाचा ठरतो. मालिकेतील तापतंतूंच्या या संचांमध्ये धातूचा सांगाडा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे वीजवाहिनीच्या एका तारेशी जोडलेला असतो. प्लॅस्टिकची पेटी व बटणे हेच काय ते संरक्षण. बाजारात मिळणारी स्वस्त दाब-परिवर्तक साधने बहुधा एकाच वेटोळ्याची असतात. ती दाब कमी करतात, पण मूळ वाहिनीपासून अलगता देत नाहीत. एखादे बटण निखळलेले असेल तर २३० व्होल्टची वाहिनी थेट बोटाला भिडू शकते. म्हणून प्राथमिक व दुय्यम वेटोळी स्वतंत्र असलेले रोहित्रच वापरणे इष्ट होय. प्रवासात केस वाळविण्याच्या यंत्रासाठी विकले जाणारे हलके इलेक्ट्रॉनिक परिवर्तक तर रेडिओस सर्वस्वी अयोग्य आहेत, कारण ते प्रवाहाचे तरंगरूपच कापून टाकतात.

दाबाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. लोखंडी गाभ्यावरील वेटोळ्याला सोसणारा दाब वारंवारतेच्या प्रमाणात असतो. १२० व्होल्ट व ६० हर्ट्झ यांसाठी गुंडाळलेले वेटोळे ५० हर्ट्झवर त्याच दाबाला अधिक प्रवाह खेचते व अधिक तापते. सत्तर वर्षांपूर्वीच्या वेटोळ्याचे रोधक आवरण आधीच ठिसूळ झालेले असल्याने हा ताप दुर्लक्षणीय नाही. हिशेबाने अशा वेटोळ्यास ५० हर्ट्झवर १०० व्होल्टच द्यावयास हवेत.

टोकियो आणि ओसाका

हाच १०० व्होल्ट, ५० हर्ट्झ असा पुरवठा एका देशात सार्वत्रिक आहे, तो म्हणजे जपानचा पूर्व भाग. १८९५ मध्ये टोकियोसाठी जर्मन आ.ए.गे. कंपनीची ५० हर्ट्झची जनित्रे घेण्यात आली आणि १८९६ मध्ये ओसाकासाठी अमेरिकी जनरल इलेक्ट्रिकची ६० हर्ट्झची. दोन शहरांतील दोन खरेदी-व्यवहारांनी देशाची कायमची फाळणी केली. फुजी नदीच्या परिसरातून जाणारी ही सीमारेषा पूर्वेस ५० व पश्चिमेस ६० अशी आजही टिकून आहे. युद्धोत्तर काळात, १९४५ ते १९५२ या अमेरिकी अंमलाच्या वर्षांत व नंतरही, अमेरिकी सैनिक आणि त्यांची कुटुंबे दोन्ही भागांत राहिली. एकाच कारखान्यात बनलेले दोन संच तेथील नागरी विजेवर लावले तर ओसाकातील बरोबर वेळ दाखवील आणि टोकियोतील दिवसाला चार तास मागे पडेल. दाब सारखा, देश एक, भाषा एक. फरक केवळ एकोणिसाव्या शतकातील मागणीपत्राचा.

या फाळणीचा एक अनपेक्षित लाभही झाला असावा असे मानण्यास जागा आहे. ज्या उत्पादकाला आपल्याच देशात दोन वारंवारतांसाठी माल बनवावा लागतो, तो निर्यातीच्या वेळी या प्रश्नाकडे दुर्लक्ष करू शकत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी कंपन्यांनी आकड्यांच्या पानांचे, म्हणजे पान उलटून मिनिट बदलणारे घड्याळ-रेडिओ जगभर पाठविले. सोनीची ‘डिजिमॅटिक’ मालिका त्यांपैकी विशेष प्रसिद्ध. पॅनासॉनिकचा अशाच प्रकारचा एक संच १९९३ मधील ‘ग्राउंडहॉग डे’ या चित्रपटामुळे अनेकांच्या परिचयाचा झाला. या घड्याळांतही समकालिक मोटरच असे, परंतु पुष्कळ संचांत ५० व ६० यांमध्ये दंतचक्र बदलण्याची सोय ठेवलेली आढळते. यानंतरच्या लाल अंकांच्या संचांत मोटरच गेली आणि तिची जागा वीजवाहिनीची आवर्तने मोजणाऱ्या एकात्मिक मंडलाने घेतली. त्यातील एका टोकाची जोडणी बदलली की मंडल ६० ऐवजी ५० आवर्तनांना एक सेकंद मानू लागते. पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रश्न एका तारेवर आला.

महाराष्ट्राच्या संदर्भात

भारतात ५० हर्ट्झ ही वारंवारता प्रमाण आहे. त्यामुळे अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर तिकडे गेलेल्या अभियंते व डॉक्टरांच्या सामानातून पुण्या-मुंबईस आलेल्या ६० हर्ट्झच्या घड्याळ-रेडिओंची गत टोकियोतल्यासारखीच होणे क्रमप्राप्त होते. आखाती देशांकडे पाहिले तर चित्र अधिक गुंतागुंतीचे दिसते. कुवेत, संयुक्त अरब अमिराती, ओमान येथे ५० हर्ट्झ, तर सौदी अरेबियाचे प्रमाण ६० हर्ट्झ. रत्नागिरी-रायगडकडील कुटुंबांत दोन भाऊ दोन आखाती देशांत नोकरीस असतील, तर केवळ तेथील पुरवठ्यासाठी बनलेला एकाचा संच गावी येऊन बरोबर चालावा आणि दुसऱ्याचा मागे पडावा, हे भौतिकशास्त्राच्या नियमाने ठरलेलेच होते. घरी मात्र याचा दोष बहुधा वस्तूच्या दर्जाला मिळत असणार.

तथापि ५० हर्ट्झचा अस्सल संच आणला तरी प्रश्न सुटत नसे. १९९० च्या दशकात मागणी पुरवठ्यापेक्षा अधिक असल्याने पश्चिम विभागाच्या जाळ्याची वारंवारता ४९ च्या खाली जाणे ही नवलाची गोष्ट राहिली नव्हती. दिवसभर ४९ हर्ट्झ राहिल्यास समकालिक घड्याळ जवळजवळ एकोणतीस मिनिटे मागे पडते. १ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात उपलब्धतेवर आधारित दरप्रणाली लागू झाली आणि वारंवारतेनुसार विजेचा दर बदलू लागला. यानंतर परिस्थितीत लक्षणीय सुधारणा झाली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी समकालिक झाले. सोलापूरच्या नावाशी निगडित ही घटना सामान्यतः ऊर्जाधोरणाच्या चर्चेत येते. घड्याळाच्या दृष्टीने पाहता, त्या दिवशी संपूर्ण देशातील समकालिक मोटरी प्रथमच एका तालात फिरू लागल्या. ज्या मुंबईने भारतीय प्रमाण वेळेहून ३९ मिनिटे मागे असलेली आपली स्वतंत्र ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपली, त्या मुंबईच्याच राज्यात हे घडावे यात एक ऐतिहासिक वक्रता आहे.

समृद्ध देशांची जाळीही या बाबतीत निर्धोक नाहीत. २०१८ च्या जानेवारी ते मार्च या काळात सर्बिया व कोसोव्हो यांच्यातील वादामुळे युरोप खंडातील वारंवारता सरासरी ४९.९९६ हर्ट्झवर राहिली. एवढ्याशा तुटीने मार्चच्या आरंभी अनेक देशांतील विजेवर चालणारी घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली होती. ज्यांना या वादाची वार्ताही नव्हती त्यांच्या भट्टीवरील व उशाजवळील घड्याळांनी तो नोंदविला.

जतनाचा प्रश्न

आता संग्राहक व संग्रहालये यांच्यापुढील व्यावहारिक प्रश्नाकडे वळता येईल. ६० हर्ट्झचा संच ५० हर्ट्झच्या देशात बरोबर चालवावयाचा तर मार्ग मोजकेच आहेत. ५० हर्ट्झसाठी बनविलेला फिरता भाग मिळाल्यास तो बसविणे हा सर्वांत सोपा. टेलेक्रॉनने निरनिराळ्या वारंवारतांसाठी असे भाग बनविले होते, पण आज ते दुर्मीळ आहेत. दंतचक्रे बदलणे कुशल कारागिराचे काम आहे. मूळ यंत्र काढून त्या जागी बॅटरीवरील स्फटिक घड्याळ बसविणे हा सर्रास अवलंबिला जाणारा मार्ग सर्वांत निषिद्ध मानला पाहिजे, कारण त्यात वस्तूचा ऐतिहासिक आशयच नष्ट होतो आणि गजराची कळही बहुधा निकामी होते.

उरतो तो बाहेरून ६० हर्ट्झची वीज निर्माण करण्याचा मार्ग. मोठ्या प्रमाणावर हे काम पूर्वी जोडयंत्राने होई. दहा ध्रुवांची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला ६०० फेरे घेते आणि तिच्याच दांड्यावरील बारा ध्रुवांचे जनित्र त्या वेगाने नेमके ६० हर्ट्झ देते. एका घड्याळासाठी एवढा खटाटोप अनाठायी आहे. घड्याळाच्या मोटरला जेमतेम दोन-तीन वॅट लागतात. त्यामुळे स्फटिकनियंत्रित छोटा आंदोलक, त्यापुढे प्रवर्धक आणि उलट जोडलेले एक लहान रोहित्र एवढ्यावर काम भागते. रेडिओ निराळ्या रोहित्रावर ठेवून केवळ घड्याळाची वायर वेगळी काढावी लागते, आणि हा बदल केव्हाही पूर्ववत करता येतो. जतनाच्या दृष्टीने हीच पद्धत स्वीकारार्ह वाटते.

मात्र तीही सर्वस्वी निर्दोष नाही. मोटर मूळची, दंतचक्रे मूळची, काटे मूळचे. पण त्यांना फिरविणारी वेळ आता टेबलाखालच्या डबीतील स्फटिकाची असते. वीजगृहातील चालक, त्याच्यासमोरचे दोन काटे आणि शहरभरची हजारो घड्याळे यांना बांधणारा दुवा तेथे नसतो. याउलट थेट स्थानिक विजेवर लावलेले, तासाला दहा मिनिटे मागे पडणारे घड्याळ चुकीची वेळ दाखवूनही तो दुवा जिवंत ठेवते. एखाद्या संग्रहालयाने दोन सारखे संच शेजारी मांडून एकाला डबीची आणि दुसऱ्याला भिंतीतील वीज दिली, तर प्रेक्षकाला वारंवारतेवर व्याख्यान देण्याची गरज पडणार नाही. दाखल-नोंदीत मात्र उत्पादकाचे नाव व वर्ष यांच्या जोडीला मूळ दाब, मूळ वारंवारता, संच ज्या गावी वापरात होता त्या गावाचे नाव आणि त्यात केलेले बदल हे चारही रकाने असावेत. सामान्य नोंदवहीत वारंवारतेचा रकाना नसतो. पाठीमागच्या कागदी चिठ्ठीवर छापलेला हा आकडा चिठ्ठी गळून पडण्यापूर्वी उतरवून घ्यावयास हवा.